लंगोट, राख आणि सारवलेली जमीन

बाळाला शी-शू सांगायला कधी शिकवायचं, असं उचगावातल्या एखाद्या घरात विचारलं तर तीन पिढ्या तीन उत्तरं देतील. पणजी म्हणेल, सव्वा महिना झाला की पायावर धरायला लागायचं. आजी म्हणेल, त्यात शिकवायचं काय, चालायला लागलं की थोरल्यांचं बघून शिकतं. आणि बेळगावात नोकरीला जाणारी नातसून म्हणेल, दीड-दोन वर्षांचं झाल्यावर बघू असं डॉक्टरांनी सांगितलंय, तोवर डायपर आहे. तिघींचंही आपापल्या जागी खरं आहे. शंभर वर्षांत बाळाचं शरीर बदललेलं नाही. बदलली ती त्याच्या खालची जमीन, कमरेचं कापड, घरात दिवसभर असणारी माणसं आणि शीची जागा. बाळानं कोणत्या वयात कोरडं राहायचं हे या चार गोष्टींनी ठरवलं. म्हणून या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि तो आजवर बायकांच्या बोलण्यातच राहिला आहे.

उचगाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्याच्या बाजूला, दहा-बारा किलोमीटरवर आहे. मार्कंडेय नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख भाताचा आणि रताळ्यांचा. मळेकरणी देवीचं ठाणं आणि दरवर्षी भरणारं मराठी साहित्य संमेलन यांमुळे गावाचं नाव आसपास सगळ्यांना ठाऊक. तुरमुरी, बाची मागे टाकलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र लागतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी आखणी झाली आणि मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. गावचे कागद कानडी झाले, तरी बाळंतिणीच्या खोलीतली रीत सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिली. इथल्या पोरीबाळी तिकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं आणलेल्या; बाळ सांभाळायची पद्धत त्यांच्याबरोबरच जात-येत राहिली.

ही पद्धत अशी. आई किंवा आजी पाटावर बसते, पाय पुढं घेते आणि दोन्ही पावलांमध्ये थोडी जागा सोडते. बाळाचं बूड त्या दोन पावलांवर येतं, पाठ तिच्या नडग्यांना टेकते, मान तिच्या हातात असते. मग तोंडानं बारीक, लांब ‘शूऽऽ’ असा आवाज. पहिले काही दिवस नुसताच आवाज होतो. बाळाला शू लागलेली असते तेव्हा तो कानावर पडतो, शू झाली की बाळ मोकळं होतं, आणि काही आठवड्यांत दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या जातात. मग आवाज ऐकला की बाळ शू करतं. वेळाही ठरलेल्या: झोपेतून उठल्यावर लगेच, दूध पिऊन झाल्यावर, आंघोळीला घेण्याआधी, निजवण्याआधी. यातल्या दुधानंतरच्या वेळेला शरीरशास्त्राचा आधार आहे. पोटात दूध गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, लहान बाळात तर हे फारच ठळक असतं. पणजीला त्याचं शास्त्रीय नाव ठाऊक नसेल, वेळ मात्र अचूक ठाऊक होती.

खरं कसब आवाजात नव्हतं, बघण्यात होतं. दूध पिता पिता बाळ मध्येच थांबतं, कपाळाला आठी घालतं, टक लावून एकीकडे बघतं, अंगावर शहारा येतो, पाय पोटाशी घेतं, तोंड लालबुंद होतं. यांतली प्रत्येक खूण वेगळी आणि प्रत्येक बाळाची खूण वेगळी. ज्या बाईच्या मांडीवर बाळ दिवसाचे आठ-दहा तास असतं, तिलाच ती वाचता येते. त्यामुळे ‘सहा महिन्यांत पोरगं शू सांगायला लागलं’ असं जुन्या बायका कौतुकानं सांगत, त्याचा अर्थ नीट लावायला हवा. सहा महिन्यांचं मूल सांगत नव्हतं. त्याची आजी ओळखत होती. शिकलेली असे ती आजी.

पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांत हीच रीत आहे. मार्टेन आणि रेचल डी व्हरीस यांनी तिचा अभ्यास करून १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ‘पीडिअॅट्रिक्स’ या मासिकात लिहिलं. डिगो आया पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला पायांच्या बेचक्यात धरून आवाज काढायला लागतात, आणि पाच-सहा महिन्यांचं मूल दिवसा-रात्री बहुतेक कोरडं राहतं, असं त्यांना आढळलं. पाश्चात्त्य डॉक्टरांना हे नवल वाटलं. बेळगावच्या पश्चिम भागातल्या कुठल्याही म्हातारीला वाटलं नसतं.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकग्रंथांतही या बाबीकडे काळजीनं पाहिलेलं दिसतं. चरकसंहितेच्या शारीरस्थानात कुमारागाराचं, म्हणजे बाळाच्या खोलीचं वर्णन आहे. पाणी, उखळ, आंघोळ, स्वयंपाक यांच्याबरोबर मलमूत्राची जागाही तिथं नीट वेगळी काढलेली असावी, असं सांगितलंय. बाळाचं अंथरूण-पांघरूण मऊ, हलकं, स्वच्छ असावं. मलमूत्र लागलेलं वापरू नये. पुढची सूचना फार माणुसकीची आहे: दुसरं कापड मिळण्यासारखं नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, वाळवून वापरावं. ग्रंथ लिहिणाऱ्याला गरिबाघरचं बाळ माहीत होतं. धुरीच्या द्रव्यांत वेखंड, मोहरी, हिंग, गुग्गुळ आहेत. त्याच अध्यायात बाळाला भीती घालू नये, राक्षस-पिशाचांची नावं घेऊन घाबरवू नये, असंही बजावलंय. सुश्रुतानंही बाळावर ओरडू नये, आणि वेळेआधी त्याला बसवू नये, पाठीला बाक येईल, असं म्हटलं आहे. पायावर बसवण्याच्या रीतीत बाळाची पाठ नडग्यांवर रेललेली असते, भार कण्यावर येत नाही, हे इथं लक्षात घेण्यासारखं आहे.

ही धुरी आणि ते वाळवणं उचगावच्या पावसाळ्यात अगदी रोजच्या कामाचं. सह्याद्रीच्या उतरणीचा हा पट्टा, जून लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. बाळाचे लंगोट जुन्या लुगड्याच्या नाहीतर धोतराच्या फाडलेल्या तुकड्यांचे असत. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून, आणि नवं कापड लंगोटाला फाडणं परवडतही नसे म्हणून. तिकोनी घडी, एक टोक पुढून घेऊन करगोट्यात खोचलेलं. असे दहा-बारा लंगोट असले तर घर सुखी म्हणायचं. पावसात ते वाळणार कुठं? शेगडीत निखारे घालायचे, त्यावर बांबूची टोपली पालथी घालायची, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा-वेखंड टाकायचं आणि टोपलीवर लंगोट पसरायचे. कापड वाळतं, उबदार होतं, धुराचा वास लागतो. शेगडी जवळ असली तर खोलीचा ओलावाही जातो, पण कोंदट खोलीत हा धूर तान्ह्या बाळाच्या छातीला बाधतो, हे आता डॉक्टर सांगतात आणि ते ऐकायला हवं.

लंगोट मोजके, वाळवण्याचे हाल एवढे, म्हटल्यावर बाळानं लंगोटात शू करू नये यासाठी घर झटणारच. लवकर शिकवण्यामागचं मोठं कारण हे आहे. दुसरं कारण हवा: वर्षातले आठ-नऊ महिने बाळ कमरेखाली उघडं राहिलं तरी थंडी वाजत नाही. तिसरं, घरात आजी, आत्या, थोरली बहीण यांपैकी कुणीतरी हाताशी असे. ही तिन्ही कारणं जिथं होती तिथंच ही रीत टिकली.

तिसरं कारण निसटलं की काय होतं, ते मुंबईच्या गिरणगावात दिसलं. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतली कुटुंबं मुंबईला गेली आणि तिथं बायकाही गिरणीत उभ्या राहिल्या. चाळीच्या एका खोलीत आजी नव्हती. कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये नोंदवलं, की कामगार बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते. अफूची ही बाळागोळी घातली की मूल दहा तास निजून राही आणि आई पाळीवर जाई. अफूनं भूक मरते, आतडी मंदावतात, शी खडा होते. ज्या आईच्या आईनं बाळाची आठी बघून त्याला पायावर घेतलं होतं, तिच्यावर बाळाला गुंगीत ठेवायची वेळ आली, कारण तिचे हात दुसऱ्याच्या गिरणीत होते. मुंबई सरकारनं १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला, १९४८ च्या कारखाना कायद्यानं पाळणाघराची अट घातली. बाळाची शी-शू कायद्याच्या पुस्तकात आली ती अशा मागच्या दारानं.

आता बाळ रांगायला, मग चालायला लागल्यावरचं. इथून उचगावची आजी म्हणते तशी ढिलाई सुरू होते. झबलं अंगात, कमरेला करगोटा, खाली काही नाही. घराची जमीन शेणानं सारवलेली. मूल ओसरीवर, अंगणात कुठंही बसे. कुणी ओरडत नसे. चुलीतली राख मूठभर आणून त्यावर टाकायची, राखेनं ओल शोषली की खापरीनं नाहीतर केळीच्या सोपट्यानं उचलून परसातल्या उकिरड्यावर टाकायची, जागेवर शेणाचा बोळा फिरवायचा. दोन मिनिटांचं काम. पुढं दोन-अडीच वर्षांचं झालं की मूल थोरल्या भावंडांच्या मागं परसाकडं जायला लागे आणि त्यांचं बघून बसायला शिके. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ या १९७८ च्या पुस्तकात भारतीय बालपणाच्या या सैलपणाची दखल घेतली आहे. फ्रॉइडनं १९०८ मध्ये शौचाच्या शिस्तीचा आणि माणसाच्या स्वभावाचा संबंध जोडल्यापासून युरोपात या विषयाला फार धार आली होती. इथल्या अंगणात ती नव्हती.

या सैलपणाला सारवलेल्या जमिनीचा आधार होता. शहाबादी फरशी आली, कोबा आला, पुढं गुळगुळीत टाइल्स आल्या, तशी ओल जमिनीत जिरायची बंद झाली. मूल घसरायला लागलं, वास राहायला लागला, आणि ‘इथं नको करू’ हे वाक्य घराघरात जास्त वेळा ऐकू यायला लागलं. मुलाच्या कमरेला चड्डी आली ती फरशीच्या मागोमाग.

अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार लवकर शिकवायचा आग्रह होता. तिथल्या चिल्ड्रन्स ब्यूरोनं १९१४ मध्ये ‘इन्फंट केअर’ ही पुस्तिका काढली. लाखो आयांनी वाचलेल्या या पुस्तिकेचा सल्ला होता, की शीची सवय तिसऱ्या महिन्यापासून, जमलं तर त्याहीआधी लावायला घ्यावी. न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रूबी किंग यांनी १९०७ मध्ये प्लंकेट सोसायटी काढली, तिथंही दूध, झोप, शी सगळं ठरल्या वेळी. वय पाहिलं तर हे उचगावच्या पणजीच्या जवळचंच. पण मधला फरक फार मोठा आहे. तिकडं आई घड्याळाकडे बघत होती, इकडं बाळाच्या तोंडाकडे. घड्याळाची शिस्त बाळावर लादावी लागते, न जमल्यास आईला अपराधी वाटतं आणि बाळाला मार बसतो. बाळाची खूण ओळखून धरण्यात चुकलं तर फार तर एक लंगोट भिजतो.

त्या सक्तीची प्रतिक्रिया पुढं आलीच. डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी १९४६ च्या पुस्तकात आयांना दम धरायला सांगितलं. डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्या दवाखान्यातल्या ११७० मुलांच्या नोंदी तपासून १९६२ मध्ये निबंध लिहिला. मुलाची तयारी दिसली की सुरुवात करायची, जबरदस्ती नाही, हा त्यांचा मार्ग. त्या मुलांना दिवसा कोरडं राहणं जमलं ते सरासरी २८.५ महिन्यांनी. आज बेळगावातले डॉक्टर आईला ‘दीड-दोन वर्षांनंतर’ म्हणतात, त्या सल्ल्याची मुळं तिथवर जातात. आणि नेमक्या त्याच सुमारास, १९६१ मध्ये, प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं व्हिक्टर मिल्स यांच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘पॅम्पर्स’ हा डायपर बाजारात आणून पाहिला. थांबायचा सल्ला आणि थांबणं सोसायचं साधन दोन्ही जोडीनं आले. धुणं जड होतं तोवर कुठलीही आई अडीच वर्षं थांबली नसती.

मराठी घरात छापील सल्ला आला तो मासिकांतून. किर्लोस्करांनी धंद्याला सुरुवात केली ती बेळगावातच, १८८८ मध्ये, सायकलींच्या दुकानानं. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले आणि तिथून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ (पुढचं ‘किर्लोस्कर’) आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ ही मासिकं निघाली. मुलांचं आरोग्य, घरची स्वच्छता हे विषय शिकलेल्या बायकांच्या हाती पडले ते अशा पानांतून. खेड्यात मात्र अधिकार सुईणीचाच. तिच्या सल्ल्यात चांगलं होतं तसं घातकही होतं. दोन दिवस शी झाली नाही की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाच्या शीच्या जागी घालायचा, किंवा दर आठवड्याला एरंडेल पाजायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाला काही दिवस शी न होणं हे स्वाभाविक असू शकतं. बाळ नीट पीत असेल, पोट मऊ असेल तर काही करावं लागत नाही. देठाच्या या उपायानं कोवळ्या जागेला इजा झालेली बाळं दवाखान्यात येत. ही रीत गेली ते बरं झालं.

शीची जागा ही चौथी गोष्ट, आणि इथं बेळगावचा स्वतःचा मोठा अध्याय आहे. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. बेळगावचे काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे यांनी सगळी व्यवस्था उभी केली. छावणीतले संडास साफ करायला सुमारे ७५ स्वयंसेवकांचं पथक होतं, त्यांत बहुतेक ब्राह्मण तरुण, आणि त्यांचे प्रमुख गांधीजींचे सहकारी काका कालेलकर. कालेलकरांच्या घरची शेतीवाडी होती ती बेळगुंदीला, उचगावच्या जवळच. ज्या काळात शहरातल्या टोपलीच्या संडासाचा मैला एका ठरावीक जातीच्या माणसांच्याच डोक्यावर दिला जात होता, त्या काळात हे घडलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याबद्दल कौतुकानं लिहिलं.

याचा बाळाशी काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की प्रत्येक घरात एकच मैला असा होता जो घरच्याच माणसानं स्वतःच्या हातानं काढला, आणि तो तान्ह्या मुलाचा. आईनं, आजीनं काढला, त्यात विटाळ मानला गेला नाही. मूल मोठं झालं, जानवं घातलं किंवा शाळेत गेलं, की त्याचीच घाण दुसऱ्या कुणाच्या तरी जातीचं काम ठरत असे. बायकांच्या या रोजच्या कामाला कुणी सेवा म्हटलं नाही; पुरुषांनी चार दिवस केलं तेव्हा त्याची वर्तमानपत्रात नोंद झाली. तरी त्या चार दिवसांचं मोल कमी नाही. त्याच वाटेवर पुढं गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात खेड्याला परवडणारे संडास करून दाखवले. कर्नाटकात १९७० च्या दशकात मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करायला लावली. १९९३ आणि २०१३ मध्ये देशभरासाठी कायदे झाले.

मुलांना स्वच्छतेची सवय शाळेत लावायची, ही कल्पना मराठी मुलखात ताराबाई मोडकांनी खेड्यापर्यंत नेली. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, या विचारातून अंगणवाडी जन्मली. तिथं अक्षरांच्या आधी आंघोळ, नखं, केस यायचे. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा ‘अंगणवाडी’ हेच नाव देशभर गेलं. आज उचगावसारख्या गावातलं तीन वर्षांचं मूल घराबाहेर पहिल्यांदा ‘बाई, शू आली’ म्हणतं ते अंगणवाडीतच.

लहान मुलाची शी म्हणजे काही घाण नव्हे, ही समजूत मात्र फार उशिरापर्यंत राहिली, अजूनही आहे. प्रेमानं आलेली समजूत आहे, पण ती खोटी आहे. जुलाबाचे विषाणू, जंतांची अंडी मुलांच्या शीतूनच जास्त पसरतात, कारण आजार मुलांनाच जास्त होतो. राख टाकून उकिरड्यावर गेलेली शी पावसात परत अंगणात येई, कोंबड्यांच्या पायाला लागे, रांगत्या भावंडाच्या हाताला लागे. महाराष्ट्रात २००० पासून गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान झालं, केंद्राची संपूर्ण स्वच्छता मोहीम १९९९ मध्ये आणि स्वच्छ भारत २०१४ मध्ये आलं. २०१८ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही आपला ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. परसात संडास उभे राहिले. पण मोठी माणसं आत जायला लागली तरी लेकराची शी बऱ्याच ठिकाणी कागदावर घेऊन बाहेरच पडते. संडास असलेल्या घरात तिची जागा संडासातच आहे. नाहीतर खड्ड्यात पुरायची, आणि हात साबणानं धुवायचे.

डायपरनं हा प्रश्न मिटवला नाही, त्याची जागा बदलली. हगीज काढणाऱ्या किंबर्ली-क्लार्कनं हिंदुस्तान लिव्हरबरोबर पुण्याजवळ कारखाना काढला तो १९९० च्या दशकात. पुढं पॅम्पर्स, मामीपोको आले. सुरुवातीला प्रवासापुरते, लग्नकार्यापुरते. आता गावातल्या किराणा दुकानात सुट्टे डायपर टांगलेले असतात. नोकरीला जाणाऱ्या आईला, जुळ्या बाळांच्या घराला, आजारी आजीला त्यांचा खरोखर आधार आहे, आणि त्याबद्दल आईला बोल लावणं अन्यायाचं आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, आतली रसायनी पूड ओल इतकी शोषते की मुलाला आपण भिजलो हेच कळत नाही; शिकण्याची पहिली पायरीच गाळली जाते. दुसरी उचगावच्या शेजारचीच आहे. बेळगाव शहराचा कचरा येतो तो तुरमुरीला. शहरातल्या बाळांचे डायपर, आतल्या शीसकट, तिथं येऊन पडतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते वेगळे गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, आणि गुंडाळायला पिशवी कंपनीनं द्यायची होती. निदान आतली शी आधी संडासात टाकून मग डायपर गुंडाळला, तर कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताची थोडी तरी कदर होईल.

मग आज काय करायचं? पणजीचं बघणं आणि डॉक्टरांचा दम एकत्र करणारी घरं या भागात बरीच आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. तान्हेपणी सकाळच्या दुधानंतर एकदा पायावर धरायचं, झालं तर झालं. खरी तयारी दिसते ती साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान: दोन-दोन तास मूल कोरडं राहतं, शीच्या वेळी कोपऱ्यात किंवा दाराआड जातं, चड्डी ओढून दाखवतं, ‘चल’ म्हटलेलं त्याला कळतं. तेव्हा दिवसा डायपर काढून चड्डी घालायची, जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर भांड्यावर बसवायचं, पाय जमिनीला टेकतील असं. पाच मिनिटांत नाही झालं तर उठवायचं. रागावायचं नाही, भावंडांसमोर हसायचं नाही. रागावलेलं मूल शी धरून ठेवतं, धरलेली शी खडा होते, खडा दुखतो, आणि दुखलं म्हणून मूल आणखी धरतं. हे चक्र एकदा लागलं की महिने जातात. घरात नवं बाळ आलंय, घर बदललंय, मूल आजारी आहे, अशा दिवसांत सुरुवात करू नये. रात्रीचं कोरडं राहणं वेगळंच. ते शरीराच्या वाढीवर आहे आणि पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं आजार नाही. दिवसा नीट सांगणारं मूल अचानक परत भिजवायला लागलं, लघवीला जळजळतं म्हणालं, किंवा शीतून रक्त आलं, तर मात्र थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावं.

राहिली गोष्ट संडासातल्या मोठ्या भांड्याची. परसातल्या संडासाच्या पायठशांमधलं अंतर प्रौढ माणसाच्या मापाचं असतं. अडीच वर्षांच्या मुलाचे पाय तिथवर पुरत नाहीत, मधलं भोक त्याला भिववतं, आत अंधार असतो. म्हणून घरोघरी मुलं मोरीत किंवा संडासाच्या दारातच बसतात. संपूर्ण स्वच्छता मोहिमेच्या नियमांत अंगणवाडीला लहान मुलांच्या मापाचा संडास द्यावा, असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्यासाठी पैशाची तरतूदही होती. ज्या अंगणवाडीत अजून मोठ्यांच्या मापाचंच भांडं बसवलेलं आहे, तिथल्या ग्रामपंचायतीकडे गावातल्या आयांनी लहान भांडं, हाताला लागेल असा नळ आणि आत उजेड या तीन गोष्टी मागायला हव्यात.